२,१४,७४,८३,६४७ : मूळ संख्या ते २०३८ ची अडचण

दोनाचा ३१ वा घात वजा एक, म्हणजे २,१४,७४,८३,६४७. ही संख्या मूळ असल्याचे एका इटालियन गणितीने सोळाव्या शतकाच्या अखेरीस सांगितले, पण सिद्धता आली १७७२ मध्ये. या संख्येला विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरायला हवी. वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित वर असल्याने ३७२ भागाकारांत काम भागते. पुढची सुमारे ९५ वर्षे याहून मोठी मूळ संख्या कोणाला ठाऊक नव्हती.

१९६९ मध्ये हीच संख्या संगणकावर यादृच्छिक आकडे काढण्यासाठी मापांक म्हणून सुचवली गेली. आधीच्या आकड्याला १६,८०७ ने गुणायचे, या संख्येने भागायचे, बाकी पुढे न्यायची. संख्या मूळ आणि गुणक नेमका निवडलेला, म्हणून १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकदा येऊन गेल्याशिवाय पुनरावृत्ती होत नाही.

खरा वाद आहे तो वेळेच्या मोजणीचा. युनिक्स या संगणक प्रणालीमध्ये १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत (० किंवा १ च्या ३२ जागांत) ठेवले आणि त्यातला एक बिट धन-ऋण चिन्हाला दिला. त्यामुळे वरची मर्यादा नेमकी हीच संख्या झाली. भारतीय वेळेप्रमाणे १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती गाठली जाईल. पुढच्याच सेकंदाला मोजणी उलटून ऋण टोकाला जाईल आणि तारीख डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडेल. चिन्हाचा बिट वाचवला असता तर २१०६ पर्यंत निभावले असते, अशी टीका होते. ज्यात प्रोग्रॅम लिहितात त्या सी भाषेत सुरुवातीला चिन्हविरहित पूर्णांक नव्हताच, हे टीकाकार सोडून देतात.

शिवाय ऋण बाजू नसती तर १९७० पूर्वीचे काहीच मावले नसते. गोवा मुक्तीचा दिवस, १९ डिसेंबर १९६१, या मोजणीत (ग्रिनिच मध्यरात्रीला) उणे २५,३५,८४,००० असा बसतो. पोर्तुगीज अमदानीत जन्मलेल्या आपल्या आजी-आजोबांच्या जन्मतारखाही शून्याच्या अलीकडे, ऋण बाजूलाच आहेत. गोव्यापुरते बोलायचे तर तो बिट वाया गेला, हे मला पटत नाही.

आता ६४ बिटांची मोजणी रूढ झाली आहे. युनिक्ससारख्याच लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात ३२ बिटी यंत्रांसाठीही २०२० मध्ये ती सोय आली. नवी मर्यादा सुमारे २९,२०० कोटी वर्षांची. सेकंदांतली ती संख्या, दोनाचा ६३ वा घात वजा एक, मात्र मूळ नाही, तिला ७ ने भाग जातो.

पण डेटाबेसमध्ये तारखेचा रकाना जुनाच चार बाइटांचा (म्हणजे ३२ बिटांचा) राहिला असेल, तर प्रणाली बदलूनही अडचण सुटत नाही. शिवाय डिसेंबर १९०१ आधीच्या तारखा त्यात मुळातच बसत नाहीत. जुन्या जन्म-मृत्यू नोंदवह्या संगणकावर चढवताना दिवस, महिना आणि वर्ष वेगवेगळ्या रकान्यांत लिहावेत.