डिजिटल मोड (हौशी रेडिओ)

डिजिटल मोड : मजकूर, स्थान किंवा आवाज अंकीय संकेतांत बदलून रेडिओलहरींवर पाठवण्याच्या पद्धतींना हौशी रेडिओत (हॅम रेडिओत) डिजिटल मोड म्हणतात. मजकुराचे मोड (आरटीटीवाय, पीएसके३१, एफटी८), पॅकेट (माहितीचे तुकडे करून पाठवणे) व एपीआरएस (स्थान कळवणे), आणि डिजिटल आवाज (डी-स्टार, डीएमआर) असे त्यांचे ढोबळ गट पडतात. २०१७ नंतर या छंदाचे स्वरूप सर्वाधिक बदलले ते एफटी८ने. म्हणून प्रस्तुत नोंदीत त्यावर भर आहे; जेथे स्थानिक संदर्भ आला आहे तेथे तो सातारा व सांगली जिल्ह्यांचा आहे.

उगम : डिजिटल मोडची सुरुवात कोठून धरावी याबद्दल एकमत नाही. मोर्स संकेत ‘आहे किंवा नाही’ या दोनच अवस्थांवर चालतो, म्हणून तोच पहिला डिजिटल मोड असे काही लेखक मानतात. मात्र मोर्स कानाने ऐकून हाताने उतरवता येतो, यंत्राची गरज पडत नाही. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतर मोडीत निघालेले टेलिप्रिंटर हौशी मंडळींनी वापरात आणले तेथून, म्हणजे आरटीटीवायपासून (रेडिओवरील टेलिप्रिंटरपासून) सुरुवात धरणे अधिक सोयीचे ठरते. हौशी पॅकेट रेडिओचे पहिले प्रयोग सामान्यतः १९७८ मध्ये माँट्रिऑल येथे झाले असे मानतात.

पीएसके३१चे श्रेय बहुतेक संदर्भग्रंथ ब्रिटिश हौशी पीटर मार्टिनेझ यांना देतात व काळ १९९८च्या सुमारास धरतात. त्यामागची मंद फेजबदलाची कल्पना पोलंडच्या पावेल यालोखा यांच्या ‘स्लो-बीपीएसके’ प्रयोगांतून आली, आणि मार्टिनेझ यांनीही ते मान्य केले आहे. तेव्हा कल्पना यालोखांची, आणि संकेतावली व साउंडकार्डवर चालणारे रूप मार्टिनेझ यांचे, अशी विभागणी अधिक न्याय्य दिसते. एमटी६३ व ऑलिव्हिया हे मोडही यालोखा यांचेच. एफटी८च्या गाजावाजात त्यांचे नाव मागे पडले आहे.

डब्ल्यूएसजेटी या प्रणालीची पहिली आवृत्ती जोसेफ टेलर यांनी २००१ मध्ये काढली. द्वैती पल्सारच्या शोधासाठी रसेल हल्स यांच्यासह १९९३चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळवणारे टेलर ते हेच. उल्कांच्या शेपटीवरून व चंद्रावरून परावर्तित होणारे अतिक्षीण संकेत वाचणे हा मूळ हेतू होता. जेटी६५ व डब्ल्यूएसपीआर (२००८) ही त्याच वाटेवरची पावले. स्टीव्ह फ्रँके व टेलर यांनी २०१७च्या मध्यास एफटी८ आणला. स्पर्धांसाठीचा वेगवान एफटी४ २०१९चा.

एफटी८ची रचना : काळ १५ सेकंदांच्या खणांत विभागलेला असतो. एका खणात एक केंद्र बोलते, पुढच्या खणात दुसरे. प्रत्येक संदेश ७७ बिटांचा : दोन कॉलसाइनना (केंद्रांच्या ओळखनावांना) प्रत्येकी २८, ग्रिड (स्थान-चौकटीचा संकेत) किंवा सिग्नल-अहवालाला १५, उरलेले ६ खुणांसाठी. त्यात तपासणीचे १४ बिट मिळवले की ९१ होतात, आणि चूक-दुरुस्तीच्या संकेतानंतर १७४. आठ सुरांपैकी एक सूर ३ बिट वाहतो, म्हणून ५८ चिन्हे. जुळणीची २१ धरून ७९. प्रत्येक चिन्ह ०.१६ सेकंदाचे, म्हणून प्रक्षेपण १२.६४ सेकंद चालते. सुरांतील अंतर ६.२५ हर्ट्झ व एकूण पट्टारुंदी ५० हर्ट्झ. एका एसएसबी (एका बाजूच्या पट्टीवरील) आवाजाच्या जागेत त्यामुळे कित्येक केंद्रे शेजारी शेजारी मावतात.

हा मोड ‘नॉइजच्या खालचे’ संकेत वाचतो, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. वाचनमर्यादा साधारण −२० डीबी (डेसिबेल) असली तरी हा आकडा २५०० हर्ट्झ रुंदीतल्या नॉइजशी तुलना करून काढलेला आहे. संकेताने व्यापलेल्या ५० हर्ट्झपुरताच नॉइज मोजला तर तो −३ डीबी होतो, आणि एका सुराच्या ६.२५ हर्ट्झपुरता मोजला तर +६ डीबी. २५०० हर्ट्झच्याच मापाने मुरलेल्या ऑपरेटरच्या कानाची मोर्समधील मर्यादा −१५ डीबीच्या आसपास सांगतात. म्हणजे एफटी८ची खरी आघाडी पाच-सहा डीबींची. ती लहान नाही, पण चमत्कारही नाही. बाकीची किमया ठरलेल्या वेळेची व ठरलेल्या मजकुराची.

स्थानिक परिस्थिती : एफटी८मध्ये स्थान चार अक्षरी ग्रिडने कळवतात. सांगली व मिरज एमके७६ मध्ये येतात. तासगाव १७° अक्षांशाच्या किंचित वर असल्याने एमके७७ मध्ये. कराड एमके७७ मध्ये, तर महाबळेश्वर व पाटण एमके६७ मध्ये. ७४° पूर्व रेखावृत्त सातारा शहरालगतच जात असल्याने शहराच्या पश्चिमेचे केंद्र एका ग्रिडमध्ये व पूर्वेचे दुसऱ्यात पडू शकते. ग्रिड अंदाजाने न भरता अक्षांश-रेखांशावरून काढावा. एका ग्रिड-चौकटीची लांबी-रुंदी येथे सुमारे २१२ गुणिले १११ किमी असते आणि प्रणाली अंतर चौकटीच्या मध्यापासून मोजते. म्हणून एमके६७ मधील सातारकर व सांगलीकर यांच्यातले प्रत्यक्षातले ११० किमीच्या आसपासचे अंतर पडद्यावर २४० किमी दिसते.

हा भाग चुंबकीय विषुववृत्ताच्या बराच जवळ आहे. मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर आयनांबरात खळबळ माजते व संकेत थरथरतात. अशा वेळी फेजवर चालणारा पीएसके३१ वॉटरफॉलवर (संकेतांच्या रेषा दाखवणाऱ्या पडद्यावरील पट्टीवर) ठसठशीत दिसत असूनही पडद्यावर कचरा उमटवतो; एफटी८ बहुधा तग धरतो. वळवाच्या दिवसांत ४० मीटरच्या बँडवर (७ मेगाहर्ट्झजवळ) विजांचा कडकडाट असतो, पण ते आघात क्षणिक असल्याने चूक-दुरुस्ती ते पुष्कळदा भरून काढते. सोलर इन्व्हर्टर, स्वस्त एलईडी दिवे व चार्जर यांची सततची घरघर मात्र भरून निघत नाही. ती शोधायची तर रिग (रेडिओसंच) बॅटरीवर चालवून घरातला मेन स्विच पाडावा. घरघर थांबली तर दोष घरातच आहे, नाही तर शेजारी किंवा लाइनीवर.

केंद्राची जुळणी : ७.०७४ मेगाहर्ट्झसाठी डायपोलची एकूण लांबी सुमारे २०.२ मीटर, १४.०७४साठी १०.१६ मीटर. मोड एलएसबी (खालची पट्टी) नव्हे, यूएसबी (वरची पट्टी) ठेवावा. ४० मीटरवर आवाजासाठी एलएसबीची सवय असलेले येथेच फसतात. साउंडकार्डची पातळी एएलसीचा (पातळी आपोआप आवरणाऱ्या मंडलाचा) काटा जेमतेम शून्यावर राहील इतकीच द्यावी. ती जास्त झाली की वॉटरफॉलवर आपल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना भुते उभी राहतात आणि शेजारच्यांचे डिकोड बुडतात. आपला सूर १५०० ते २००० हर्ट्झमध्ये ठेवला तर त्याची दुप्पट ३००० च्या वर, फिल्टरबाहेर पडते. पूर्ण १२.६४ सेकंद अखंड सूर जात असल्याने १०० वॉटची रिग ३०–४० वॉटवर चालवावी, अन्यथा शेवटचे ट्रान्झिस्टर तापतात. महाबळेश्वर-पाटणच्या पावसात कोॲक्सच्या जोडात पाणी शिरून एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परतणाऱ्या शक्तीचे माप) चढला असेल तर ते आणखी लवकर.

तयार इंटरफेसऐवजी घरी जोडणी करणाऱ्याने ६०० ओहमचे १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मर दोन, माइकच्या बाजूला १० किलोओहम व १०० ओहमचा विभाजक, आणि पीटीटीसाठी (प्रक्षेपण चालू करण्यासाठी) पीसी८१७ ऑप्टोकपलर घ्यावा. टीटीएल पातळीच्या यूएसबी-सीरियल मॉड्यूलचा आरटीएस (नियंत्रणाचा एक पिन) निष्क्रिय असताना ‘हाय’ असतो. ऑप्टोचा एलईडी आरटीएस व ग्राउंडमध्ये जोडला तर केबल लावताच रिग ट्रान्समिटवर जाऊन बसते. म्हणून एलईडीचे धन टोक १ किलोओहममार्फत मॉड्यूलच्या लॉजिक व्होल्टेजला व ऋण टोक आरटीएसला जोडतात. अशर फरहान यांच्या बिटएक्स या भारतीय रचनेच्या जुन्या एलसी-व्हीएफओ (कॉइल-कंडेन्सरच्या दोलकाच्या) आवृत्त्या आवाजाला पुरतात, पण त्यांची फ्रीक्वेन्सी प्रक्षेपण चालू असतानाच सरकते व समोर डिकोड होत नाही. एसआय५३५१ चिप असलेल्या आवृत्त्यांत ही अडचण उरली नाही.

घड्याळ एका सेकंदाच्या आत बरोबर हवे. डिकोडच्या यादीतील डीटी (वेळेतील फरक) रकान्यात सर्वांचेच आकडे एका बाजूला झुकले असतील तर आपले घड्याळ चुकले आहे. एकाचाच झुकला असेल तर त्याचे. लाइट गेल्यावर वेळ विसरणाऱ्या जुन्या डेस्कटॉपची सीआर२०३२ बॅटरी बदलावी, विंडोजच्या अधूनमधून होणाऱ्या जुळणीवर विसंबू नये. इंटरनेट नसेल तेथे जीपीएस डाँगल पुरतो.

छंदावरील परिणाम : फ्लॅटच्या गच्चीवर तिरकी तार लावलेल्या, मोठ्या टॉवरला परवानगी न मिळालेल्या हौशी माणसाला एफटी८ने दूरदेशीची केंद्रे मिळवून दिली. रिस्ट्रिक्टेड परवान्याच्या (व्हीयू३) नव्या मंडळींना याचा फायदा जास्त. याची दुसरी बाजू अशी की ७.०७४ भरून वाहत असताना आवाजाचा व मोर्सचा भाग शांत असतो आणि ‘बँड बंद आहे’ असा समज होतो. प्रत्यक्षात बँड खुला असतो, कोणी सीक्यू (सर्वांना हाक) देत नाही एवढेच. गर्दीतून कॉल ऐकून वेगळा काढण्याचे कसब मागे पडले, त्याजागी पातळी, घड्याळ व रिकामी जागा हेरण्याचे कसब आले. दोन केंद्रांत नाव, गाव, हवामान यांपैकी काहीच बोलले जात नाही, ही ज्येष्ठांची तक्रार रास्त आहे. ‘संगणकच संगणकाशी बोलतो’ हा आक्षेप मात्र अतिरंजित. डब्ल्यूएसजेटी-एक्स (एफटी८ चालवणारी संगणक-प्रणाली) मुद्दाम पूर्ण स्वयंचलित ठेवलेली नाही, तिचा वॉचडॉग ठरावीक मिनिटांनी प्रक्षेपण तोडतो, आणि डीएक्ससीसीच्या (संपर्क झालेले देश मोजणाऱ्या पुरस्काराच्या) नियमांनुसार प्रत्येक संपर्क दोन्हीकडच्या ऑपरेटरने स्वतः सुरू केलेला असावा लागतो. संकेत उघड प्रसिद्ध असल्याने गुप्तलिपीची बंदीही त्याला लागू होत नाही.

डिजिटल आवाज : डीएमआरमध्ये १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनलवर प्रत्येकी ३० मिलिसेकंदांच्या दोन पाळ्या असतात. भारतातील आयडी ४०४ने सुरू होतात. एफएमवर घाटात शिरताना खरखर वाढत जाऊन आवाज विरतो. डीएमआरवर तो शेवटपर्यंत स्वच्छ राहून अचानक तुटतो, त्यामुळे खंबाटकीसारख्या ठिकाणी आपण केव्हा बाहेर फेकले गेलो हे बोलणाऱ्याला कळत नाही.

आपत्कालीन वापर : एफटी८ पुराच्या कामाचा नाही. मुक्त मजकूर १३ अक्षरांचा, तोही ४२ रोमन चिन्हांतून. सांगलीच्या पुलाची पातळी कळवायची तर रोमन लिपीत ‘आयर्विन ४५ फीट’ एवढ्यातच, मोकळ्या जागा धरून, मर्यादा संपते. कोणी, केव्हा मोजली हे सांगता येत नाही. याद्या व निरोप यांसाठी व्हीएचएफ एफएमवर एमटी६३–२००० अधिक उपयुक्त : सेकंदाला २० अक्षरे, आणि केबल नसली तर हँडसेट लॅपटॉपच्या स्पीकरजवळ धरूनही चालते. पीएसके३१वर देवनागरी पाठवता येते, पण प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात व एका चिन्हाला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो. काना-मात्रा वेगळी मोजली जाते. म्हणून मराठी निरोप रोमन लिपीत पाठवणे व्यवहार्य ठरते, मात्र भिलवडी, हरिपूर, औदुंबर अशा गावांची स्पेलिंगे रेडिओ-नेटमधील सर्व केंद्रांनी आधीच ठरवून कागदावर ठेवावी लागतात.