टन की टीईयू? महामारीतल्या बंदरांचे दोन हिशेब

२०२० साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरातली मालाची उलाढाल किती घटली? एक जण सांगतो ६.९ टक्के, दुसरा सांगतो ३.२ टक्के. दोघांचंही बरोबर आहे. पहिल्याने टन मोजले, दुसऱ्याने टीईयू, म्हणजे कंटेनर मोजायचं एकक. बातम्यांत मात्र दोन्ही आकडे ‘मालवाहतूक’ या एकाच शब्दाखाली येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, यातला कुणीतरी थाप मारतोय.

टन समजावून सांगायला नको. हजार किलो म्हणजे एक टन. जहाजातून उतरलेला आणि जहाजात चढलेला माल, मग ते कच्चं तेल असो, कोळसा असो की कंटेनरमधले टीव्ही, सगळा एकाच तराजूत. टीईयूचा वजनाशी संबंधच नाही. वीस फुटी कंटेनर म्हणजे एक टीईयू, चाळीस फुटी म्हणजे दोन. जास्त उंचीचा ‘हाय क्यूब’ डबा आला तरी दोनच, कारण या हिशेबात उंची धरतच नाहीत. जहाजावर, धक्क्यावर आणि यार्डात किती जागा अडली, एवढंच टीईयू सांगतो. आत काय आहे, किती जड आहे, मुळात काही आहे की नाही, याची तो चौकशी करत नाही.

क्रेनखालून जाणारे तीन डबे डोळ्यांसमोर आणा. पहिला वीस फुटी, फरशांनी भरलेला. फरशी जड, त्यामुळे डबा अर्धामुर्धा भरला तरी वजनाची मर्यादा गाठली जाते. माल धरा २५ टन, टीईयू १. दुसरा चाळीस फुटी, उशा आणि गाद्यांचा. छतापर्यंत ठासून भरलाय, तरी माल जेमतेम सहा टन. टीईयू २. तिसराही चाळीस फुटी, पण रिकामा. माल शून्य, टीईयू पुन्हा २. (नुसत्या डब्याचं वजन पावणेचार टनांच्या आसपास असतं. काही बंदरं ते टनांच्या हिशेबात धरतात, काही धरत नाहीत. दोन बंदरांचे टन शेजारी ठेवण्याआधी हे बघून घेतलेलं बरं.) क्रेनचालकाला तिन्ही वेळा तेवढंच काम पडलं. कागदावर मात्र टनांच्या रकान्यात पहिला डबा बाजी मारतो आणि टीईयूच्या रकान्यात तोच सगळ्यात मागे.

एरवी हा फरक फारसा जाणवत नाही, कारण साधारण काळात दोन्ही आकडे बरोबरीनेच वरखाली होतात. महामारीत त्यांची फारकत झाली.

२०२० च्या वसंतात आधी तेल कोसळलं. विमानं जमिनीवर, गाड्या घरासमोर उभ्या, रिफायनऱ्यांनी उत्पादन कमी केलं. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी कच्च्या तेलाचा वायदा शून्याखाली, उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, इतकी साठवायला जागा उरली नव्हती. मोटारींचे कारखाने बंद म्हणून पोलादाला उठाव नाही, पोलाद नाही म्हणून लोहखनिज आणि कोळसा नको. हा सगळा माल अतिशय जड, आणि यातलं काहीच कंटेनरमधून येत नाही. त्यामुळे टन धडाधड उतरले आणि टीईयूला त्याचा पत्ताही लागला नाही.

कंटेनरची गोष्ट वेगळी झाली. सुरुवातीला तेही घटले, जहाज कंपन्यांनी फेऱ्याच्या फेऱ्या रद्द केल्या. पण घरात अडकलेल्या लोकांनी प्रवासाचे आणि हॉटेलचे पैसे टेबल, खुर्च्या, लॅपटॉप, व्यायामाची यंत्रं यांवर घातले आणि वर्षाच्या उत्तरार्धात डब्यांची मागणी उसळली. म्हणून रॉटरडॅमचे टन ४६.९४ कोटींवरून ४३.६८ कोटींवर आले, पण टीईयू १.४८ कोटींवरून १.४३ कोटींपर्यंतच घसरले. सिंगापूरला तर टीईयूमध्ये जेमतेम एक टक्का घट झाली, ३.७२ कोटींवरून ३.६९ कोटी. टन मात्र सुमारे ६२.६ कोटींवरून ५९ कोटींच्या आसपास आले.

याउलट जेएनपीटी, म्हणजे मुंबईजवळचं जवाहरलाल नेहरू बंदर. तिथला बहुतेक माल कंटेनरचाच, त्यामुळे तेलाचा धक्का तिथे दोन आकड्यांत एवढी दरी पाडू शकला नाही. २०१९-२० च्या तुलनेत २०२०-२१ मध्ये टन ६.८४ कोटींवरून ६.४८ कोटींवर आले, म्हणजे पाच टक्क्यांहून थोडे अधिक. टीईयू ५०.३ लाखांवरून ४६.८ लाखांवर, म्हणजे सात टक्के. इथे उलट टीईयूच जास्त पडले. तेव्हा ‘महामारीत टन पडले, कंटेनर तरले’ असा सरसकट नियम कुणी सांगितला तर आधी विचारावं, कोणत्या बंदरात? ते बंदर काय हाताळतं, यावर सगळं अवलंबून आहे.

खरी गंमत २०२१ मध्ये आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दिशाभूल त्याच वर्षाच्या आकड्यांनी केली. लॉस एंजेलिस बंदराने त्या वर्षी १.०७ कोटी टीईयू हाताळले. त्या बंदराच्या इतिहासातला तो विक्रम. आता तो आकडा फोडून बघा. भरून आलेले आयातीचे डबे सुमारे ५५ लाख टीईयू. भरून गेलेले निर्यातीचे १२ लाखांहूनही कमी. उरलेले जवळपास ४० लाख टीईयू रिकामे! विक्रमाचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा म्हणजे नुसता लोखंडी पत्रा आणि आतली हवा.

हे असं का झालं? आशियातून अमेरिकेला जाणाऱ्या भरल्या डब्याचं भाडं तेव्हा इतकं चढलं होतं की परतीच्या वाटेवर धान्य, पेंड किंवा सुका मेवा भरून घेण्यासाठी थांबणं जहाज कंपन्यांना परवडेना. डबा आतल्या प्रदेशात पाठवा, भरा, परत आणा, यात आठवडे जातात. त्यापेक्षा रिकामाच उचला आणि लवकर आशियात पोहोचवा. अमेरिकेतले शेतमाल निर्यातदार डब्यांसाठी हातघाईवर आले होते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत रिकामे डबे जहाजावर चढत होते. बंदराचा विक्रम आणि त्यांची रड, दोन्ही एकाच टीईयूत मोजली गेली.

रॉटरडॅमलाही त्या वर्षी हेच दिसलं. टीईयू ६.६ टक्क्यांनी वाढून १.५३ कोटी झाले, पण कंटेनरमधल्या मालाचे टन त्याच्या निम्म्यानेही वाढले नाहीत. जास्त डबे, हलके डबे, रिकामे डबे.

तरीही टीईयू फसवा आणि टन खरा, असं मी म्हणणार नाही. बंदराला किती क्रेन, किती कामगार, यार्डात किती जागा लागेल हे ठरवायचं तर रिकामा डबाही मोजावाच लागतो. तोही उचलावा लागतो, रचावा लागतो, चुकीच्या थप्पीत गेला तर शोधावाही लागतो. पण त्या बंदरामागच्या प्रदेशाचा व्यापार किती झाला हे हवं असेल तर टीईयूमधले रिकामे वजा करून बघावं आणि शेजारी टन ठेवावेत. सिंगापूरसारख्या ठिकाणी अजून एक पाचर आहे. तिथले बहुतेक डबे एका जहाजातून उतरून दुसऱ्यात चढतात आणि दोन्ही वेळा मोजले जातात. टनांचंही तसंच.

जहाजांची संख्या हे या दोन्हींहून निराळं प्रकरण. ९ जानेवारी २०२२ ला लॉस एंजेलिस आणि लाँग बीच बंदरांसाठी १०९ कंटेनर जहाजं रांगेत होती. बंदर ठप्प आहे म्हणून ती खोळंबली, असा अनेकांचा समज झाला. बंदर जोरात चालू होतं, येणारा माल त्याहून जास्त होता.

आणि ‘टन’ शब्द दिसला म्हणजे वजनच असेल, असंही नाही. जहाजाचं ‘ग्रॉस टनेज’ हे जहाजाच्या आतल्या जागेचं माप आहे. या शब्दाचं मूळ मध्ययुगातल्या दारूच्या पिंपांत आहे.

मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात आडवं झालेलं एव्हर गिव्हन जहाज आठवतंय? त्याची क्षमता २०,१२४ टीईयू, आणि त्यावर १८,३०० ‘कंटेनर’ असल्याचं जगभर छापून आलं. जरा मांडून बघा. यातले निम्मे जरी चाळीस फुटी धरले तरी २७,४५० टीईयू होतात, म्हणजे जहाजात मावतच नाहीत. आकडा बसवायचा तर फार तर १,८२४ डबे चाळीस फुटी आणि बाकी सगळे वीस फुटी असायला हवेत. आशिया-युरोप मार्गावर असं जहाज सापडणं कठीण. छापून आलेले ते ‘कंटेनर’ बहुधा टीईयूच होते.