ब्रेकवर जळणारं पेट्रोल

२९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोल लीटरला शंभर रुपयांच्या वर गेलं. पुढे कर थोडे कमी झाले, भाव काही रुपयांनी वर-खाली झाले, पण शंभरीच्या आत ते परतलं नाही. तेव्हापासून पंपावर, सोसायटीच्या गेटवर, ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकच प्रश्न निघतो: गाडी अ‍ॅव्हरेज किती देते? कंपनी सांगते वीस आणि हातात येतात बारा-तेरा, ही तक्रार घरोघरची. गाडीत बहुतेक वेळा दोष नसतो. पेट्रोल नेमकं कुठे जातं हे कळलं, तर याच रस्त्यांवर, याच गर्दीत बारा-तेराचे चौदा-पंधरा करता येतात.

इंधन वाचवायचे बहुतेक सल्ले मोकळ्या रस्त्यासाठी असतात. ‘ताशी ४५ ते ५५चा वेग ठेवा’ हा सल्ला शास्त्राला धरून आहे, पण साकीनाक्याला संध्याकाळी सात वाजता त्याचा काय उपयोग? मुंबईचा हिशोब वेगळा आहे आणि तो वेगळाच मांडायला हवा.

एक लीटर पेट्रोल जळलं की साधारण ३३ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. वीजबिलाच्या भाषेत नऊ युनिट. यातली बरीचशी उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर जाते, काही इंजिन आणि गिअरच्या घर्षणात मुरते. शहरात चाकांपर्यंत पोचतो तो जेमतेम पाचवा हिस्सा. त्या पाचव्या हिश्शावर हजार किलोची गाडी चालते आणि आत सत्तर किलोचा एकच माणूस बसलेला असतो. म्हणजे शंभर रुपयांच्या पेट्रोलमधले दीड रुपयेसुद्धा त्या माणसाला हलवायला लागत नाहीत. शेजारच्या तीन जागा भरल्या तर माणशी खर्च थेट चौथ्या हिश्शाजवळ येतो. हे गणित पटूनही रोज एकेकटे निघणारे आपण लाखो लोक आहोत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता चाकांपर्यंत पोचलेल्या ऊर्जेचं काय होतं ते पाहू. हमरस्त्यावर ती हवा कापण्यात जाते. मुंबईत मात्र ती ब्रेकमध्ये जाते. ताशी ५० किलोमीटरने चाललेल्या हजार किलोच्या गाडीत सुमारे ९६ किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. समोर लाल दिवा दिसला, पाय ब्रेकवर पडला, गाडी थांबली, की ती सगळी ऊर्जा डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन संपते. दोन कप चहाचं पाणी उकळेल इतकी ती उष्णता. दिवा हिरवा झाला की तेवढीच ऊर्जा टाकीतून नव्याने काढायची आणि त्यासाठी १२ ते १४ मिलीलीटर पेट्रोल जाळायचं. आजच्या भावात सव्वा ते दीड रुपया. एलबीएस मार्गाने मुलुंडहून सायनला जाताना समजा पंधरा वेळा पन्नासवरून शून्यावर आलात, तर वीसेक रुपये नुसते ब्रेक तापवण्यात गेले.

इथे एक गोष्ट फार कामाची आहे. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पन्नासऐवजी तीसवरून थांबलात तर नुकसान जवळजवळ एक तृतीयांशावर येतं. तीच ऊर्जा ब्रेकमध्ये घालवली नाही, तर पन्नासच्या वेगातली गाडी सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये अर्धा किलोमीटर तरी आपल्या आपण जाते. म्हणून दोन सिग्नलच्या मधल्या तीनशे मीटरमध्ये रेस देऊन पन्नास-साठ गाठणं आणि लगेच करकचून थांबणं, यासारखा महाग प्रकार दुसरा नाही. लाल दिवा दिसला की लांबूनच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. मागचा हॉर्न वाजवेल, एखादी रिक्षा कट मारून पुढे घुसेल. घुसू द्या. सिग्नल तिच्यासाठीही तितकाच लाल आहे.

खरं तर हे शिकायचं असेल तर मुरलेला रिक्षावाला बघावा. त्याचं लक्ष पुढच्या गाडीवर नसतं, तिच्याही पुढच्या दोन गाड्यांवर असतं. तिकडे ब्रेकचे दिवे लागले की याची मूठ सैल होते. सिग्नलच्या आकड्यांवर नजर टाकून तो इंजिन बंद करतो आणि शेवटचे चार-पाच सेकंद उरले की चालू करतो. दिवसभराच्या गॅसचा खर्च त्याच्या स्वतःच्या खिशातून जातो, त्यामुळे ही सवय त्याच्या हातात बसलेली असते.

पाय काढताना गाडी गिअरमध्येच ठेवायची. उतार लागला की न्यूट्रल करायची, हा सल्ला आपल्याकडे वडिलांपासून मुलांपर्यंत चालत आला आहे. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात तथ्य होतं, कारण इंजिन जितकं फिरेल तितकं ते पेट्रोल ओढून घ्यायचं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तसं होत नाही. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की आतला संगणक पेट्रोलचा फवारा पूर्ण बंद करतो आणि चाकंच इंजिनाला फिरवत राहतात. खप शून्य. न्यूट्रल केलं, तर इंजिन बंद पडू नये म्हणून फवारा चालू ठेवावा लागतो. एप्रिल २०२० पासून धुराबाबतचे बीएस-६ नियम आल्यावर नव्या मोटारसायकली आणि स्कूटरही बहुतेक इंजेक्शनच्याच आल्या, त्यामुळे हे त्यांनाही लागू पडतं.

खंडाळ्याच्या घाटात न्यूट्रल करणारे किंवा चक्क चावी बंद करणारे अजून भेटतात. त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं, की असं करू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी एक-दोन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं. स्टिअरिंग जड होतं. गिअरचा आधार नसल्याने सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. वाचलेल्या पेट्रोलची किंमत त्यापुढे काहीच नाही.

उभ्या गाडीत चालू असलेलं इंजिन हा मुंबईतला दुसरा मोठा खर्च. छोट्या कारचं इंजिन उभ्या उभ्या तासाला अर्धा ते पाऊण लीटर पितं, एसी लावला तर त्याहून जास्त. मिनिटाला दहा मिलीलीटर धरा, म्हणजे रुपयाच्या आसपास. इंजिन पुन्हा चालू करायला लागणारं पेट्रोल दहा सेकंदांच्या आयडलिंगइतकंच असतं, त्यामुळे अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर बंद करणं फायद्याचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये दहिसर, मुलुंड, ऐरोली आणि वाशीच्या नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला, तेव्हा पैशांबरोबर रांगेत जळणारं पेट्रोलही वाचायला लागलं. शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर एसी लावून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग मात्र तशीच आहे. तो धूर मुलांच्याच नाकात जातो.

हवेच्या विरोधाचा प्रश्न मुंबईत येतो तो कोस्टल रोड आणि अटल सेतूवर. हा विरोधही वेगाच्या वर्गाने वाढतो. २१.८ किलोमीटरचा अटल सेतू ताशी १०० ने पार केला तर तेरा मिनिटं लागतात, ८० ने सोळा. तीन मिनिटांसाठी हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो आणि पेट्रोल पंधरा टक्क्यांच्या आसपास जास्त जळतं. एसी की खिडकी, या वादाचा निकालही इथेच लागतो: शहरातल्या रांगत्या वेगाला खिडकी, पुलावर एसी.

शहरातल्या वेगाला हवेपेक्षा टायरचा विरोध मोठा. हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, फिरताना सारखा वाकतो-सरळ होतो आणि त्यात ऊर्जा खातो. पंधरा दिवसांतून एकदा, टायर गार असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा बघून हवा भरा. सकाळी पेट्रोल दाट असतं म्हणून भल्या पहाटे टाकी भरणाऱ्यांनी मात्र झोप मोडू नये. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, त्यांचं तापमान दिवसभरात फारसं बदलत नाही.

अ‍ॅव्हरेज घटण्याचं एक कारण आपल्या पायात नाही. २०२५ पर्यंत पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं आणि इथेनॉलच्या लीटरमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे मिश्रणाच्या लीटरमधली ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नव्या इंधनासाठी बनवलेली इंजिनं यातलं बरंच भरून काढतात, जुन्या गाड्यांना फटका जास्त बसतो. आपली जुनी गाडी अचानक कमी अ‍ॅव्हरेज देऊ लागली, तर मेकॅनिकवर चिडण्याआधी हे लक्षात घ्यावं.

ब्रेकमध्ये जाणारी ऊर्जा परत मिळवता येते का? येते, आणि मुंबई ते रोज करते. २००७ नंतर आलेल्या नव्या लोकल स्टेशनात शिरताना मोटरचाच जनरेटर करतात. चाकं तो फिरवतात, त्यात गाडीचा वेग कमी होतो आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जाते. ती दुसरी लोकल वापरते. यातून सुमारे ३० टक्के विजेची बचत होते. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीसाठी याहून योग्य तंत्र नाही. घरून स्टेशन आणि स्टेशनवरून ऑफिस जवळ असेल, तर रोजची कार सोडून लोकल किंवा मेट्रो धरण्याएवढी बचत वर सांगितलेल्या कुठल्याच युक्तीत होत नाही.

हेच तंत्र इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये असतं. एका युनिटमध्ये ती पंचवीस-तीस किलोमीटर जाते. पेट्रोलची स्कूटर लीटरला पंचेचाळीस गेली, तरी त्यासाठी नऊ युनिटांइतकी ऊर्जा जाळते. ही तुलना अर्धीच आहे, कारण कोळशाच्या वीजकेंद्रातही जवळपास दोन तृतीयांश उष्णता वाया जाते. ते धरूनही स्कूटर पुढेच राहते आणि थांबत थांबत जायच्या रस्त्यावर तर जास्तच. घ्यायची झाली तर वेग कमी होताना चार्जिंग किती जोरात होतं, हे चालवून बघा. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परतीच्या विजेला आत जागाच नसते, म्हणून सकाळी पहिले काही किलोमीटर ती साध्या ब्रेकवरच थांबेल. रोजचा पल्ला कमी असेल, तर ऐंशी-नव्वद टक्क्यांवर प्लग काढलेला बरा.