सॅकरीन : नाव शर्करेचं, वस्तू डांबराची

आमच्या आजीच्या चहाशेजारी एक इवलीशी डबी असायची, त्यातली पांढरी बारीक गोळी कपात टाकली की चहा गोड व्हायचा आणि शेवटच्या घोटानंतर जिभेवर काहीतरी कडवट रेंगाळायचं. तिला डायबिटीस होता. घरात सगळे त्याला सॅकरीन म्हणायचे आणि मला कित्येक वर्षं हा पक्का इंग्रजी शब्द वाटत होता, पण थोडं मागे गेलं की तो आपल्याच शर्करेपाशी येऊन थांबतो.

संस्कृतात शर्करा म्हणजे आधी खडे, रेव. उसाचा रस आटवून दाणे पाडले ते दिसायला तसेच, म्हणून त्यांनाही तेच नाव मिळालं. खडीसाखर दाताखाली फोडून बघा, लगेच पटेल. आयुर्वेदात तर मूतखड्याच्या बारीक कणांनाही शर्कराच म्हणतात. पालीत त्याचं सक्खरा झालं, ग्रीकांकडे साखारोन आणि लॅटिनमध्ये साखारुम. आपली साखर, फारसी शकर, अरबी सुक्कर, इंग्रजी शुगर ही सगळी त्याच घरची. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस लिहून गेलाय की भारतात बोरूंमध्ये एक घट्ट झालेला मध सापडतो, मिठासारखा, दाताखाली फुटणारा. मला हे वर्णन फार आवडतं, साखर न बघितलेल्यांना ती समजावून सांगायची म्हणजे अजून काय सांगणार!

आता डांबराकडे. १८७९ च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेमसन यांच्या लॅबमध्ये कॉन्स्टन्टिन फालबर्ग दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या रसायनांवर काम करत होते. त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं की एका रात्री जेवताना पाव गोड लागला, मिशा पुसल्या तर रुमाल अजून गोड, मग अंगठा चाटून बघितला आणि लॅबमध्ये पळत जाऊन तिथल्या भांड्यांमधलं चाखत सुटले. हात न धुतल्यामुळे लागलेला शोध! पुढे फालबर्गनी पेटंट स्वतःच्या नावावर घेतलं, नाव ठेवलं सॅकरीन, आणि रेमसन त्यांच्यावर कायमचे चिडले, माझ्या मते त्यांचं चिडणं रास्तच होतं. साखरेपेक्षा तीनशे ते चारशे पट गोड, पण साखरेचा कणही नाही, शरीर ते पचवत नाही, तसंच लघवीवाटे बाहेर टाकतं.

पहिल्या महायुद्धात साखरेची टंचाई झाली तेव्हा त्याचा खप वाढला. १९७७ मध्ये उंदरांच्या मूत्राशयातल्या गाठींमुळे अमेरिकेत बंदीची वेळ आली होती, बंदी टळली पण पाकिटावर इशारा छापावा लागला, आणि उंदरात होतं ते माणसात तसं होत नाही हे कळल्यावर २००० मध्ये तो इशारा काढला.

इंग्रजीत सॅकरीन हे विशेषण गोळीच्या आधीपासून होतं, साखरेसारखं या अर्थाने. आता ते नको इतक्या गोडगोड बोलण्याला, सिनेमाला, गाण्याला लावतात. आपल्याकडे मात्र सॅकरीन म्हणजे वस्तूच, गोड सुपारीच्या पाकिटामागे बारीक अक्षरात छापलेली.