संशोधन विद्यापीठातील खुली व्याख्याने आणि सेमिनार : प्रवेशाच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

संशोधन विद्यापीठाच्या साप्ताहिक वेळापत्रकात आमंत्रित व्याख्याने, स्मृतिव्याख्याने आणि विभागांचे सेमिनार एकाच यादीत येतात आणि बहुतेकांपुढे ‘सर्वांसाठी खुले’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात त्यांचा उगम एक नाही. जाहीर व्याख्यान सुरुवातीपासून बाहेरच्या श्रोत्यासाठीही होते. सेमिनार मात्र मोजक्या विद्यार्थ्यांसाठी बंद दाराआड चालणारा अभ्यासवर्ग म्हणून जन्माला आला. विद्यापीठाशी संबंध नसलेल्या माणसाने सेमिनारमध्ये येऊन बसावे, ही बरीच नंतरची आणि टप्प्याटप्प्याने मिळत गेलेली मुभा आहे.

जाहीर व्याख्यानाची परंपरा जुनी आहे. 13व्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात नाताळ आणि ईस्टर या सणांपूर्वीच्या काळात अशा वादसभा भरत, की ज्यांत उपस्थितांपैकी कोणीही कोणताही विषय काढावा आणि आचार्यांनी त्याचा निर्वाह करावा. 1530 मध्ये त्याच शहरात राजाश्रयाने नेमलेल्या अध्यापकांपासून जी संस्था वाढली, तिच्या व्याख्यानांना आजही नावनोंदणी नाही, शुल्क नाही आणि ती ऐकून पदवीही मिळत नाही. 1597 मध्ये लंडनमध्ये एका व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातून मोफत व्याख्यानांची अशीच सोय झाली.

सेमिनारचा प्रवास जर्मन विद्यापीठांतून झाला. गॉटिंगेन येथे 1730च्या दशकात प्राचीन भाषांच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या सेमिनारमध्ये निवडक सदस्यांना विद्यावेतन मिळे, आणि त्याबदल्यात त्यांनी स्वतः ग्रंथांचे विवेचन करून दाखवणे अपेक्षित असे. पुढे बर्लिनमधील एका इतिहासकाराने मूळ साधने तपासण्याचे असेच सराववर्ग स्वतःच्या घरी घेतले, आणि 1834 मध्ये क्योनिग्सबर्ग येथे गणित व भौतिकशास्त्राचा सेमिनार सुरू झाला. तेथे केवळ श्रोता म्हणून बसणाऱ्याला जागा नव्हती, कारण प्रत्येकाने काहीतरी मांडायचे आणि इतरांनी ते तपासायचे, हाच त्या रचनेचा गाभा होता. याच बर्लिनमध्ये 1827-28च्या हिवाळ्यात एका नामवंत प्रवासी-निसर्गवैज्ञानिकाने विश्वाच्या रचनेवरील व्याख्यानमाला विद्यापीठात सुरू केली आणि मागणी वाढल्यावर शहरातील संगीत सभागृहात दुसरी, अधिक सोपी मालाही दिली. या दुसऱ्या मालेला स्त्रियांची मोठी गर्दी झाली. विद्यापीठात त्यांना विद्यार्थी म्हणून प्रवेश नव्हता.

19व्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न थेट वर्गाच्या दारापर्यंत आला. प्रशिया या जर्मन राज्यात 1896 पासून स्त्रियांना पाहुण्या श्रोत्या म्हणून बसण्याची रीतसर सोय झाली. बव्हेरिया या दुसऱ्या जर्मन राज्यातील एर्लांगेन विद्यापीठाच्या अधिसभेने मात्र 1898 मध्ये स्त्रियांच्या प्रवेशाने सारी शैक्षणिक शिस्त कोलमडेल असा निर्वाळा दिला होता. दोनच वर्षांनी तेथे एक तरुणी प्रत्येक प्राध्यापकाची वेगळी परवानगी घेऊन वर्गात बसू लागली. आधुनिक बीजगणिताचा पाया घालणाऱ्यांत पुढे तिची गणना झाली. बव्हेरियाने 1903 मध्ये आणि प्रशियाने 1908 मध्ये स्त्रियांना पूर्ण प्रवेश दिला. तोपर्यंत कोणी ऐकावे, हे नियमाइतकेच समोरच्या प्राध्यापकाच्या मर्जीवर ठरत होते. आजही एखाद्या विभागात परक्या श्रोत्याचे स्वागत होते आणि शेजारच्या विभागात होत नाही, यामागे हाच वारसा आहे.

अमेरिकेत 1876 मध्ये बाल्टिमोर येथे संशोधनाला वाहिलेले विद्यापीठ उभे राहिले आणि त्याने जर्मन सेमिनार व जाहीर व्याख्यान या दोन्ही प्रथा स्वीकारल्या. तेथे 1884 मध्ये स्कॉटलंडमधील एका भौतिकशास्त्रज्ञाने दिलेली प्रकाशविषयक 20 व्याख्याने 21 जणांच्या निवडक श्रोतृवर्गासाठी होती. परंतु ती लघुलिपीत टिपून त्यांच्या प्रती काढण्यात आल्या आणि सभागृहात नसलेल्यांपर्यंतही पोहोचल्या. मॉस्कोमध्ये 1943 पासून चार दशकांहून अधिक काळ चाललेल्या सोमवारच्या गणित सेमिनारमध्ये नामवंत संशोधकांच्या बरोबरीने शाळकरी मुलेही बसत.

व्याख्यान ध्वनिचित्रमुद्रित होऊन महाजालावर येऊ लागल्यावर ‘खुले’ म्हणजे काय, याचा सर्वांत कठीण वाद उभा राहिला. कॅलिफोर्नियातील एका सरकारी संशोधन विद्यापीठाने वर्गातील तासिका आणि जाहीर कार्यक्रम यांची हजारो मुद्रणे मोफत उपलब्ध केली होती. 2014 मध्ये कर्णबधिरांच्या एका संघटनेने तक्रार केली, की बहुतेक मुद्रणांना मथळे, म्हणजे बोललेले शब्द पडद्यावर दाखवणाऱ्या ओळी, नाहीत किंवा यंत्राने दिलेले, चुकांनी भरलेले मथळे आहेत. ऑगस्ट 2016 मध्ये केंद्रीय न्याय विभागाने तपासाअंती कळवले, की ही सामग्री अपंगांना समान संधी देणाऱ्या 1990च्या कायद्याशी विसंगत आहे. त्यावर विद्यापीठाने मार्च 2017 पासून 20,000 हून अधिक ध्वनी व चित्रमुद्रणे सार्वजनिक दर्शनातून काढली आणि ती विद्यापीठाचे ओळखखाते असणाऱ्यांपुरती मर्यादित केली.

या निर्णयाचे वर्णन बहुधा ‘कायद्याने ज्ञानाचे दार बंद केले’ असे केले जाते, आणि ते अन्यायकारक आहे. तक्रारदारांनी मुद्रणे काढण्याची मागणी केली नव्हती, त्यांनी मथळे मागितले होते. मथळे देण्याचा खर्च मोठा होता, हे खरे. जुन्या मुद्रणांवर तो करावा की नव्या सामग्रीवर, हा प्रश्नही खरा होता. परंतु सर्वांना देता येत नाही म्हणून कोणालाच द्यायचे नाही, ही निवड विद्यापीठाची होती, आणि तिचा रोष मात्र ज्यांना आधीही काही ऐकू येत नव्हते त्यांच्यावर निघाला. जगभरच्या ज्या श्रोत्यांनी ही व्याख्याने गमावली, त्यांची हळहळ समजण्यासारखी आहे. पण ज्यांना ती कधी मिळालीच नव्हती, त्यांचे नुकसान या हिशेबात क्वचितच धरले जाते. 2022 च्या अखेरीस न्यायालयात दाखल झालेल्या संमती-आदेशानुसार (दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या आदेशानुसार) विद्यापीठाने आपली सार्वजनिक ऑनलाइन सामग्री अपंगांनाही वापरता येईल अशी करण्याचे मान्य केले.

दरम्यान 2020 च्या साथीने सेमिनारचे रूप बदलले. काही आठवड्यांत विभागांचे सेमिनार दूरदृश्य बैठकांत भरू लागले आणि त्याच वर्षी जगभरच्या सेमिनारांची एकत्रित वेळापत्रकेही तयार झाली. दूरच्या, प्रवासखर्च न परवडणाऱ्या, आजारी किंवा घरच्या जबाबदारीत अडकलेल्या श्रोत्याला एरवी अशक्य असलेला प्रवेश मिळाला. परंतु निमंत्रण नसलेल्यांनी बैठकीत घुसून धुडगूस घातल्याचे प्रकार घडताच संकेतशब्द, प्रतीक्षाकक्ष आणि आगाऊ नोंदणी आली. सभागृहे पुन्हा उघडल्यानंतर अनेक ठिकाणी इमारतींच्या दारांवर ओळखपत्राची अट राहिली. त्यामुळे ज्या सेमिनारला पूर्वी कोणीही मागच्या रांगेत येऊन बसत असे, त्यासाठी आता आधी कोणाला तरी पत्र लिहावे लागते. मिश्र पद्धतीने होणाऱ्या सेमिनारमध्ये दूरस्थ श्रोत्याला ऐकू येते, पण सभागृहातले प्रश्न ध्वनिक्षेपकाविना विचारले गेले तर त्याला केवळ उत्तरे मिळतात. सेमिनारचे मर्म प्रश्नोत्तरांत आहे. त्यामुळे वक्त्याने प्रत्येक प्रश्न पुन्हा उच्चारून मगच उत्तर द्यावे, ही सूचना काही विभाग आता निमंत्रणासोबतच पाठवतात.