ध्रुवीय सागरांतील देवमाशांचे ध्वनिनिरीक्षण

देवमाशांचे आवाज हायड्रोफोनने, म्हणजे पाण्यात चालणाऱ्या मायक्रोफोनने, टिपून त्यांचा वावर, स्थलांतर आणि संख्या यांचा माग काढण्याची पद्धत. ध्रुवीय समुद्रात महिनोन्‌महिने अंधार असतो, धुके आणि बर्फ असते. तिथे दुर्बिणीपेक्षा कान अधिक कामाचा. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने जातो आणि खर्जातला आवाज शेकडो किलोमीटर टिकतो. सरकता बर्फ पृष्ठभागावरची उपकरणे चिरडून टाकतो. म्हणून यंत्रे वजन बांधून तळाशी नांगरतात आणि बहुधा वर्षभराने वर काढतात. एकच आवाज वेगवेगळ्या यंत्रांवर किती वेळाच्या फरकाने पोहोचला, यावरून मासा कुठे होता ते काढता येते.

या पद्धतीचे खरे मोल अलास्कातल्या बॅरो (आजचे उत्कियाग्विक) येथे कळले. बर्फाच्या कडेवर बसून केलेल्या मोजणीवरून बोहेड (आर्क्टिकमध्ये राहणारी एक जात) देवमासे जेमतेम ६०० ते २,००० उरले असावेत, असा अंदाज होता. त्यामुळे आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने १९७७ साली इनुपियात या अलास्कातल्या मूळनिवासी लोकांच्या पारंपरिक शिकारीवर बंदी घातली. पुढे अल्प कोटा दिला. इनुपियात शिकाऱ्यांचे म्हणणे वेगळे होते: बर्फातली मोकळी वाट मिटली तरी मासे थांबत नाहीत, बर्फाखालून जातात, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात, कित्येक तर किनाऱ्यापासून इतके दूर असतात की माणसाला दिसतच नाहीत. १९८०च्या दशकात बर्फाच्या कडेला हायड्रोफोन सोडल्यावर नेमके तेच ऐकू आले. वाट बंद असतानाही मासे गात पुढे चालले होते. ध्वनी आणि दृष्टी यांची सांगड घालून केलेल्या २०११च्या गणनेत ही संख्या सोळा हजारांवर गेली. यातला काही भाग प्रत्यक्ष वाढीचा आहे, पण आधीची मोजणी तोकडी होती हेही खरे. पिढ्यान्‌पिढ्या बर्फावर वावरलेल्या माणसांची साक्ष आधीच ऐकली असती, तर त्या समाजाचा मोठा मनस्ताप टळला असता.

अंटार्क्टिकात निळ्या देवमाशाची हाक साधारण २६ हर्ट्झवर सुरू होते आणि वीसच्या खाली उतरते. आलेखावर तिचा आकार इंग्रजी झेड अक्षरासारखा दिसतो. कानाने ऐकायची तर ध्वनिमुद्रण वेगाने वाजवावे लागते. २०१३च्या ऑस्ट्रेलियन मोहिमेत दिशा सांगणारे ध्वनी-बोये (हायड्रोफोन लावलेले तरंगते यंत्र) समुद्रात टाकून जहाज या हाकांच्या रोखाने नेले आणि मासे गाठले. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे ‘पालाओआ’ केंद्र हिमफळीला (किनाऱ्याला जोडलेल्या, समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फाला) भोके पाडून खाली सोडलेल्या हायड्रोफोनवर चालत असे. अशा वर्षभराच्या नोंदींतून एक नवी गोष्ट पुढे आली: सगळे निळे देवमासे हिवाळ्यात उत्तरेकडे जात नाहीत. १९६०च्या दशकापासून पाणबुड्यांना ऐकू येणारा बदकासारखा गूढ आवाज अंटार्क्टिक मिंक देवमाशाचा आहे, हे मात्र २०१४ साली उलगडले.

मर्यादाही आहेत. गप्प असलेला मासा या पद्धतीला सापडत नाही, आणि शंभर हाका म्हणजे शंभर मासे नव्हेत. निळ्या देवमाशांत गाणारे बहुधा नरच असल्याने माद्या आणि पिल्ले हिशेबाबाहेर राहतात. त्यात बर्फाचे कडकडणे, दाढीवाल्या सीलांची लांबलचक शीळ आणि जहाजांची घरघर मिसळते. बर्फ घटेल तशी आर्क्टिकमधली जहाजांची ये-जा वाढते आहे.