'श्रीमती' म्हणजे विधवा? खुलासा

"विवाहितेला सौ., अविवाहितेला कु. आणि विधवेला श्रीमती लिहावे, सधवेला श्रीमती लिहिणे अशुभ," असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे.

आधी शब्द पाहू. श्री म्हणजे शोभा, वैभव, लक्ष्मी. त्याला 'असलेला' या अर्थाचा 'मत्' प्रत्यय लागून 'श्रीमत्' होते. त्याचे पुल्लिंगी रूप श्रीमान, स्त्रीलिंगी श्रीमती; जसे बुद्धिमान आणि बुद्धिमती. यात नवरा कुठेच येत नाही. कोणताही संस्कृत कोश उघडून 'श्रीमत्' पाहा, खात्री पटेल. हिंदी लग्नपत्रिकाही पाहा. मराठीत जिथे 'सौ. व श्री.' छापतात, तिथे हिंदीत 'श्रीमती एवं श्री' असते, आणि पती-पत्नी दोघे मंडपात हजर असतात!

मग हा समज आला कुठून? तो अगदीच हवेतून आलेला नाही. मराठीत सधवेसाठी 'सौभाग्यवती'चे सौ. रूढ होते आणि विधवेसाठी गं. भा., म्हणजे गंगा भागीरथी. गं. भा. लिहिणे अनेकांना नकोसे वाटू लागले. सौ. तर लिहिता येईना, म्हणून त्या जागी श्रीमती आले. आमंत्रणांत ते असे वारंवार दिसल्यावर तोच त्याचा अर्थ आहे असे वाटणे स्वाभाविक होते. आजही काही घरांत हा संकेत पाळतात. पण तो संकेत झाला, शब्दाचा अर्थ नव्हे. वैवाहिक स्थिती ठाऊक नसलेल्या बाईंना पत्र लिहिताना श्रीमती बिनदिक्कत चालते. त्यांना सौ. आवडत असेल तर त्या सांगतीलच.